जयवंताच्या वाटणीची कार्डं

मंडळी, पेटी जरा थांबू द्या. टाळही खाली ठेवा. आज प्रश्न आधी, गाणं नंतर! सांगा — माणसानं धर्म शिकावा कुठं?

देवळात? — माना हलल्या! पोथीत? — ह्या पुढच्या आजींची तर दोनदा हलली! बरं. मी म्हणतो, च्युइंगमच्या पाकिटात!

हसा, हसा! आत्ताच हसून घ्या. नंतर मी हसू देणार नाही.

ऐका. खाडीच्या काठी एक गाव. नाव सांगत नाही — उद्या कुणी शोधत जाईल! त्या गावात मनोहर मांडवकर. दळणाची गिरण चालवायचा. भुवयांवर कायम पीठ, पन्नाशी उलटलेली. आणि ह्या गृहस्थाला छंद कसला? खेळाडूंची कार्डं जमवायचा! लहानपणी च्युइंगमबरोबर एक कार्ड मिळायचं ना — समोर क्रिकेटवाल्याचं चित्र, मागं त्याच्या धावा नि बळी? तीच! पोरपणी सगळेच जमवतात. मिसरूड फुटलं की सगळ्यांची सुटतात. ह्याची सुटली नाहीत! लग्न झालं — सुटली नाहीत. नातू झाला — तर नातवाला म्हणतो, "आधी हात धुऊन ये!"

तालुक्याला गिरणीचा पट्टा आणायला गेला, की एकवेळ पट्टा विसरेल, कार्डांचं पाकीट विसरणार नाही. क्रिकेटची, कबड्डीची, फुटबॉलची. एकेक कार्ड प्लॅस्टिकच्या खिशात, खिसे पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप. बायको सुगंधा म्हणायची, "माझ्या बांगड्या उघड्यावर, नि ह्या बाप्यांना कुलूप!"

पण मंडळी, हा छंद एकट्याचा नव्हे बरं का! पाकीट फोडलं की निम्मी कार्डं डबल निघतात — आपल्याकडं आहेत तीच पुन्हा. मग दुसरा माणूस लागतो. तुमच्याकडं नाही ते त्याच्याकडं, त्याच्याकडं नाही ते तुमच्याकडं! मनोहरचा असा दुसरा म्हणजे जयवंत शिगवण. धंद्यानं सुतार, शाळेपासूनचा सोबती. दर रविवारी जयवंताच्या ओट्यावर दोघांची बैठक. नियम एकच — कार्डाचा कोपरा दुमडला असेल तर आधी तोंडानं सांगायचं. भांडायचे तर असे! "हा फुटकळ गोलंदाज देऊन माझा यष्टिरक्षक मागतोस? लाज आहे का?" पण रविवार चुकला नाही.

आणि मग काय झालं? जयवंताच्या मुलीनं, ऋतुजानं, आपल्या पसंतीनं लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीतला. जयवंत पाठीशी उभा राहिला, साक्षीदार म्हणून सही केली, वर गावभर लाडू वाटले!

गावकी बसली, म्हणजे गावची पंचमंडळी. त्यांचे म्होरके गावकर आप्पा बोलले, "शिगवणाचं घर वाळीत! त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांच्याकडं जायचं नाही, माल द्यायचा नाही. आणि मनोहर — दळून द्यायचं नाही."

मनोहर काय म्हणाला? काही नाही म्हणाला! मान खाली घातली. तुम्ही काय म्हणाला असता? — राहू द्या.

चार दिवसांनी मालतीवहिनी, जयवंताची बायको, डोक्यावर तांदळाचा डबा घेऊन गिरणीवर आल्या. मनोहर पुटपुटला, "वहिनी... पट्टा तुटलाय."

अहो, मागं गिरण चालू! धडधड धडधड! दुसऱ्या कुणाचं पीठ पडतंय! वहिनींनी गिरणीकडं पाहिलं, ह्याच्याकडं पाहिलं. "बरं भावोजी," म्हणाल्या, डबा उचलला नि गेल्या. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं हो!

रविवार आला. मनोहर घरीच. हाताला चाळा म्हणून नवं पाकीट फोडलं. कबड्डीतला एक चढाईवाला निघाला — डबल! तोंडातून आपसूक गेलं, "हे जयवंताचं." बाजूला ठेवलं. पुढच्या रविवारी आणखी दोन. "ही जयवंताची." थप्पी वाढायला लागली. सुगंधा बघत होती.

"अहो, कुणासाठी काढून ठेवता?"

"जयवंतासाठी."

"देणार कधी?"

मनोहर थप्पीच्या कडा जुळवत बसला.

"कार्डाचा कोपरा दुमडला तर तोंडानं सांगता ना? मग तुम्ही दुमडलात, ते कुणी सांगायचं?"

मंडळी, मनोहर उठला. धुतलेला सदरा घातला, ट्रंक डोक्यावर घेतली. मागच्या पायवाटेनं गेला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण नाही! भर सकाळी देवळासमोरून गेला! पारावरून कुणी हटकलं, "मनोहर, कुठं?"

"जयवंताकडं!" — असं ओरडून, की पारावरचं कुत्रं उठलं!

जयवंत दारात आला. चेहरा पांढराफटक. "परत जा मन्या. तुलाही टाकतील."

"सरक. सावलीत बसू दे." मग आत तोंड करून मनोहर म्हणाला, "वहिनी, पट्टा तुटला नव्हता. मी खोटं बोललो."

आतून आवाज आला, "मी बहिरी नाही, भावोजी." आणि थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या ओट्यावर आला.

कार्डं पसरली नाहीत तोच गावकर आप्पा हजर, मागं माणसं. "मनोहर, ऊठ!"

"देवघेव अर्धी राहिलीय, आप्पा."

"ह्या चित्रांपायी गाव सोडणार?"

आता मात्र मनोहर उठला. "गाव मी सोडत नाही. गिरण इथंच, घर इथंच, मरणारही इथंच! आप्पा, ह्या ओट्यावर माझा जन्म गेला. ह्या माणसानं खराब कार्ड चांगलं म्हणून मला कधी दिलं नाही. त्याला मी तोंड चुकवू? त्याच्या मुलीनं संसार मांडला म्हणून? नाही जमणार! टाका मलाही! उद्या गिरण उघडी आहे. पहिलं दळण जयवंताचं. चालेल त्यानं यावं!"

आणि टाकलं! गिरणीवर शुकशुकाट. बायका होडीनं पलीकडच्या गावात दळायला जायच्या. सुगंधाचं हळदीकुंकू बंद. ती म्हणाली, "नाहीतरी त्यांचा चिवडा खवटच असतो!" — पण पदर डोळ्याला लावून म्हणाली. मनोहर रोज गिरण चालवायचा. एका डब्यासाठी! अख्ख्या गावाला ऐकू जायचं — धडधड धडधड!

गणपती तोंडावर आले. खाडीला उधाण, होडी बंद. आणि मोदकांना पिठी कुठली? एका सकाळी गिरणीच्या दारात कोण? गावकर आप्पांची आई! भागीरथी आजी, कमरेवर डबा.

मनोहर म्हणाला, "आजी, आप्पांना विचारलंत?"

"त्याला मी जन्म दिला, का त्यानं मला?"

"पण जयवंताचं दळण आधी आहे."

"मग बसते की!" म्हणाली, आणि बसली कुठं? बाकावर, मालतीवहिनींच्या शेजारी, खेटून! वर विचारते, "ऋतुजा बरी आहे ना गं? सणाला आणलीस का पोरीला?"

इतक्या दिवसांत गावानं विचारलेला तो पहिला शब्द. मालतीवहिनींनी नुसतं आजीचं मनगट धरलं.

दुपारपर्यंत डब्यांची रांग लागली. गावकीनं बंदी उठवली? छे! कधीच उठवली नाही. नुसती कुणी पाळेना! आप्पा मात्र मनोहरशी अजून बोलत नाहीत. न बोलोत! रविवारची भांडणं पुन्हा सुरू आहेत.

आता तुमच्याकडं वळतो. हसायचं संपलं.

आज संध्याकाळी मी तुमच्या गावात आलो. बांधापलीकडं शेवटचं घर आहे. दारात एक बाई उभी होती. तिनं मला हात जोडले. मी उलट जोडणार, तोच मला आणायला आलेले गृहस्थ म्हणाले, "बुवा, तिकडं बघू नका. वाळीतलं घर आहे." कोण ते सांगत नाही. पुढंच बसलेत!

आरतीचं तबक तयार आहे, दिसतंय मला. पण मी आरती म्हणणार नाही. हा बसलो खाली! तिनं काय केलं, कुणाचा नियम मोडला, मला ऐकायचं नाही. उठा कुणीतरी. जा, आणि तिला हाताला धरून घेऊन या.

किती का वेळ लागेना. मी इथंच आहे.