प्रयत्न पाचवा

हॅलो?… हो, मघाशी मीच केला होता. ऐक. पाच वाजून दहा मिनिटं झालीत आणि बाबा डोनट तळतायत.

डोनट. डो-न-ट… विकतचे नाहीत गं, घरी. आत चॉकलेट भरलेले… ताई, हसू नकोस, मला इथे हसायची सोय नाहीये.

मी? वाचनालयातली वीज गेली, लवकर सोडलं. गुरुवारी मी आठशिवाय येत नाही, आज साडेचारलाच आले. दार उघडलं तर बाबा दुकानातला पांढरा कोट घालून उभे. मला बघून म्हणाले, "तू?" पोटच्या पोरीला, "तू?"

हो, तोच, औषधाच्या दुकानातला. खिशावरचा शाईचा डाग अजून आहे… आहे ना, आईचा एप्रन आहे. धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावलाय. तो नाही घातला… हं… हो, माझ्याही लक्षात आलं ते.

आता मी आतल्या खोलीत. "दमली असशील, पड जरा," म्हणाले. बाबा! मला!

कसे म्हणजे, औषध बनवायचे तसे. पीठ तराजूवर, मीठसुद्धा तराजूवर. तेलात थर्मामीटर… तापाचं नाही गं, लांब दांडीचं, नवीन आणलंय. आणि चॉकलेट भरणार सिरिंजनं. बिनसुईची, मोठी. पहिल्या घाण्यातले दोन भरलेसुद्धा. सिरिंज डोळ्यासमोर धरायची, बुडबुडा काढायचा, बरोबर अठरा मिली. मला वाटलं, आता डोनटला म्हणतात, दुखणार नाही हं.

एकूण सहा. पण टेबलावर ताटल्या दोन.

दोनच. मी यायच्या आधी मांडलेल्या, म्हणजे त्यातली माझी एकही नाही. मधे मेणबत्ती. आपल्याकडे वीज आहे, तरी मेणबत्ती.

आता खरी गोष्ट ऐक. फ्रिजवर एक वही होती, ती मी आणलीय… चोरी कसली, बघायला आणली. वाचते. "प्रयत्न पहिला. दूध फार गरम होते. पीठ फुगले नाही." तारीख महिन्यापूर्वीची… हो, महिना! दर गुरुवारी. मला उशीर असतो ना. "प्रयत्न दुसरा. बाहेरून काळे, आत कच्चे." "प्रयत्न तिसरा. गरम असतानाच चॉकलेट भरले, सगळे गळाले. निवल्यावर भरणे."

थांब गं, गंमत पुढेच आहे. प्रत्येक प्रयत्नाखाली दुसरंच अक्षर आहे. कुणीतरी चव बघून शेरा लिहिलाय. मार्क दिलेत. दहापैकी तीन. मग चार. मग पाच… हो ना, सगळं गळालं तरी पाच! गेल्या गुरुवारी आठ.

शेरा नाही वाचता येत. शाईत पडलेली मुंगी घरी चालत गेल्यासारखं अक्षर. शेवटी एक शेपूट आणि खाली दोन तिरक्या रेघा.

काय?… हो, दोन. तिरक्या. का?

अगं बोल ना… ताई?

डॉक्टरबाई? कोपऱ्यावरच्या?… तुझ्या गोवराची चिठ्ठी… हो, हो, आठवलं! आई म्हणायची, हे अक्षर जगात एकट्या तुमच्या बाबांना लागतं.

तीस वर्षं, ताई. रोज चाळीस-पन्नास चिठ्ठ्या.

नाही, डॉक्टरबाईंनी लग्न नाही केलं… मला काय माहीत का नाही केलं!… तू चिडलीस का? मग आवाज असा का येतोय?… मीही नाही गं. मला फक्त कळायला हवंय. आई गेल्यापासून सहा वर्षांत बाबांनी आपणहून साधा चहा टाकला नव्हता.

आजचं पान? थांब. "प्रयत्न पाचवा." मापं… वेळ… आणि शेवटी एक ओळ. "खाऊन झाल्यावर विचारणे."

एवढंच. काय ते नाही लिहिलं. पण 'विचारणे' एकदा खोडलंय, आणि परत लिहिलंय.

मी काय करू? निघून जाऊ? पुढच्या खोलीतूनच जावं लागेल, त्यांच्या समोरून…

काय, बाबा?… वही? कुठली वही?… हो, हो, बघते इथे आहे का…

ताई, शोधतायत. देऊन येते. फोन ठेवू नकोस.

…

दिली. "वाचलीस?" म्हणाले. म्हटलं, "तुमचं वाचलं. दुसरं अक्षर नाही लागलं." कान लाल झाले गं त्यांचे. मग मीच विचारलं, "बाहेर जाऊ का मी?" तर सिरिंज पुसत म्हणाले, "नको. तू घरात असलेली बरी."

असंच म्हणाले. शब्द न् शब्द.

बेल. गप्प बस… अगं, तूच बोलतेयस!

त्याच आहेत. केस बारीक कापलेत. हातात बॅग नाही. मी त्यांना बॅगेशिवाय पहिल्यांदा बघतेय… दिसतंय, दार किलकिलं ठेवलंय.

बसल्या. एक डोनट घेतला, सुरीनं अर्धा-अर्धा. चॉकलेट बरोबर मधोमध, थेंब गळला नाही… आता बाबा बोलतायत. ऐकू नाही येत. बराच वेळ बोलतायत… विचारलं बहुतेक. कारण त्या खायच्या थांबल्यात.

बोटं पुसली. वही ओढली. पेन मागितलं.

लिहितायत… मार्क नाहीत, मोठं आहे. एक ओळ. दुसरी. शेपूट… दोन रेघा.

बाबा वाचतायत. चष्मा काढला. पुसला. परत वाचतायत… ताई, मला कसं कळणार काय लिहिलंय ते! त्या अक्षराचा वाचणारा एकच, आणि तो गप्प आहे.

थांब. उठले. डॉक्टरबाई परत खायला लागल्यात, आणि बाबा इकडेच येतायत, वही घेऊन. ठेवते.