गेरीचं आफ्टर, माझं निघालो

तुम्हाला आमचा गेरी सांगितलाच नाही का मी? कॅनडात कनाटाच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसायचा, मूळचा तिथल्याच न्यूफाउंडलंड बेटावरचा. एकदा म्हणाला, "आय ॲम आफ्टर डिलीटिंग युवर फोल्डर."

मला वाटलं, हा डिलीट करायच्या मागे लागलाय. माझं तीन महिन्यांचं टेस्टिंग होतं त्यात. मी ताडकन उठलो. "नको रे बाबा, आधी कॉपी करू दे," असं इंग्लिशमध्ये विनवलं. तो पुन्हा तेच वाक्य, आणखी सावकाश. मी त्याचा माऊस धरला, मॅनेजरचं नाव काढलं, शेवटी हात जोडले. तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "इट्स गॉन."

त्यांच्याकडे आफ्टर म्हणजे नुकतंच करून झालं.

मी चिडून परत माझ्या खुर्चीत बसलो. "झालेल्या गोष्टीबद्दल असं कोण बोलतं?"

तेवढ्यात बायकोचा फोन आला. खाली गाडीत केव्हाची थांबली होती. मी बसल्या बसल्या म्हटलं, "निघालो, निघालो."

गेरीने अर्थ विचारला.

"आय हॅव लेफ्ट," मी सांगितलं.

तो माझ्या खुर्चीकडे बघतच राहिला.