वाळलेल्या मिरचीतले पाच क्विंटल

कोटय्या : मग पाच क्विंटल मिरची काय उडून गेली?

(गुंटूरकडचं एक खळं. लाल मिरचीच्या ढिगाजवळ खाटेवर कोटय्या, समोर उभी सून विमला. सासू रत्तम्मा देठ खुडते आहे. हात मिरचीत, कान इकडे.)

विमला : उडालं ते पाणी, मामय्या.

कोटय्या : पाण्याचं मला शिकवू नकोस. शंभर क्विंटल पसरली, यंत्रानं ओलावा दाखवला पंचावन्न टक्के. आता दहा. म्हणजे पंचेचाळीस गेले, पंचावन्न उरायला हवेत. काट्यावर पन्नासच. राखणीला तू. आणि संक्रांतीला तुझा भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला होता.

विमला : ट्रॅक्टरमध्ये तुम्हीच त्याच्याकडून मागवलेला पेंढा होता.

कोटय्या : येताना पेंढा. जाताना?

विमला : दहा टक्के कशाचे धरलेत?

कोटय्या : शंभराचे. आणखी कशाचे?

विमला : शंभर आता आहेत कुठे? दहा टक्के उरलेल्या मालाचे. ते वजन क्ष धरा.

कोटय्या : हा क्ष कोण आणखी?

विमला : ज्याच्यापायी मला चोर ठरवताय तो. शंभरात पाणी पंचावन्न, म्हणजे निव्वळ मिरची पंचेचाळीस. ती उन्हानं आटत नाही. आता पाणी दहा टक्के, म्हणजे क्षचे नव्वद टक्के निव्वळ मिरची. तीच पंचेचाळीस. काढा क्ष.

कोटय्या : तूच काढ. बोलायला पुढे असतेस.

विमला : पंचेचाळीस भागिले शून्य पूर्णांक नऊ. पन्नास. तुमच्या काट्यानं सांगितले तेवढेच.

कोटय्या : शाळेत शिकवत होतीस म्हणून घोळात घेतेस.

रत्तम्मा : गेल्या वर्षीचा क्ष काढ गं.

कोटय्या : तू देठ खूड.

रत्तम्मा : पन्नास क्विंटल, ओलावा चौसष्ट. वाळवून दहावर आणली, भरली वीस. हे म्हणाले, तेवीस हवी.

विमला : पन्नासाचे छत्तीस टक्के, अठरा. त्याला शून्य पूर्णांक नऊनं भागलं की वीस.

रत्तम्मा : नीट बघ.

विमला : वीसच, अत्तम्मा. काही कमी नव्हतं.

रत्तम्मा : ऐकलंत? त्या तीन क्विंटलसाठी सख्ख्या भावावर काठी उगारलीत. शेषय्या आज परक्याच्या गोदामात पोती वाहतो.

कोटय्या : यंत्र चुकलं असेल तेव्हा.

रत्तम्मा : यंत्र तेच आहे.

कोटय्या : ...सूनबाई, तू जा त्याच्याकडे. तुला समजावता येतं.

विमला : मघापर्यंत मी चोर होते. चोराच्या हातून निरोप धाडता?

कोटय्या : मग मी जाऊन काय सांगू त्याला? हे क्ष-बिक्ष मला जमायचं नाही.

रत्तम्मा : गणित नकाच सांगू. ते तो तेव्हाही सांगत होता.