पिना मारलेली पानं

वाचनालयात पुस्तकं परत करायच्या रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिची कॉलेजातली मुलगी उभी होती. मुलीच्या हातात जाडजूड कादंबरी होती.

"कशी होती गं?"

"यातलं सरकार मस्त जमलंय. कोणी कोणाशी लग्न करायचं, कोणी काय वाचायचं, सगळं तेच ठरवतं. वाचताना गुदमरायला होतं."

"मग फसलंय काय?"

"प्रेम. एका पानावर दोघं कडाकडा भांडतात आणि पान उलटलं की ती त्याच्यासाठी जीव द्यायला तयार. मधलं काही कळतच नाही."

"हल्लीचे लेखक असंच लिहितात."

"आई, मधल्या पानांना तू स्टेपलरच्या पिना मारल्यास."

"हळू बोल. तुझ्या भल्यासाठीच मारल्या."

"त्यातलं सरकारही हेच म्हणतं."

"जास्त शहाणपणा नको. दोघंच खोलीत आणि दाराला आतून कडी, एवढं वाचलं मी. पुढचं वाचायची गरजच नव्हती."

"मी वाचलं. पिना काढल्या आणि वाचून झाल्यावर त्याच भोकांत परत बसवल्या."

"लाज नाही वाटली? काय करतात ते?"

"काही नाही. तो तिला विचारतो, तुला काय हवंय? आणि ती रडत बसते. तोवर तिला हे कुणी विचारलेलंच नसतं."

"एवढंच?"

"एवढंच. तुला विचारलं होतं कधी कुणी?"

"नाही. आणि तुलाही कुणी विचारणार नाहीये. चल, रांग सरकली."