दात आणि गुडघा

मनाच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदाच आलेली शिंपीणबाई कुणी ओळखीचं बघेल या लाजेने पळ काढणार होती, तेवढ्यात समोरच्या बाकावर एका सासू-सुनेची अवचित गाठ पडली.

"अगंबाई, सूनबाई! तू इथे?"

"दात दुखतोय, आई."

"दातांचा दवाखाना खालच्या मजल्यावर आहे."

"मग तुम्ही वर कशाला आलात?"

"गुडघा दाखवायला."

"मनाच्या डॉक्टरांना?"

"हळू बोल, कुणी ऐकेल! तुला गं काय झालं?"

"सारखं रडू येतं. तुम्हाला कळू नये म्हणून मोरीत नळ सोडून रडते."

"आणि मी गावभर सांगते, सून पाणी वाया घालवते!"

"तुम्ही कुठे रडता?"

"कांदा चिरताना."

"तरीच रोज इतका कांदा!"

दोघी खुदुखुदू हसत सुटल्या.

"पुढचं कोण?" आतून हाक आली.

"मी!" शिंपीणबाई खणखणीत आवाजात म्हणाली.