अंगठ्याचे वीस गुण

...नाही, नाही, अंगठ्याचं नावच काढू नका माझ्यासमोर! मनगट म्हणा, कोपर म्हणा, खांदा म्हणा, गुडघा म्हणा, रात्रंदिवस बोलायला तयार आहे मी, पण अंगठा नको! हसताय काय? तुम्हाला सांगतो, त्या एका अंगठ्यापायी माझा वर्ग बुडत होता... बुडत होता कसला, नाकापर्यंत पाणी आलं होतं, आणि बुडवणारा कोण? मीच!

आता असं बघा. मी मुंबईला बी.एस्सी. झालो, वर दोन वर्षं तिथल्या इस्पितळात मालीश आणि व्यायामाचे उपचार शिकलो, आणि आलो कुठे, तर नवापूरला! मित्र म्हणाले, "वेडा आहेस का? तिथे कुणाचे हातपाय चोळणार तू?" अरे, माणूस जिथे झाडावरून पडतो तिथेच चोळायला नको का? मुंबईत कोण पडतं झाडावरून? तर दवाखान्याच्या कमिटीने मला चार विद्यार्थी दिले, लालचंदशेठनी शेंगांचं गोदाम दिलं, आणि धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांनी दम दिला. "वर्षअखेर परीक्षा घ्यायला मी स्वतः येणार. चौघांतला एक जरी नापास झाला, तर वर्गाला कुलूप!"

आणि परीक्षा कसली? तोंडी! मनगटात हाडं किती? आठ. नावं सांग. सांगितली. बस खाली, पास! चौघांतला आमचा आमश्या आठही हाडं एका श्वासात म्हणायचा, सुलटी म्हणायचा, उलटी म्हणायचा, झोपेतून उठवलं तरी म्हणायचा. पण त्याच्या हातात खराखुरा खांदा दिला, लालचंदशेठचाच, चार महिने आखडलेला, तर या पठ्ठ्याने तो ओलं धोतर पिळावं तसा पिळला! शेठ शेंगांच्या पोत्यांवर आडवे. "मरी गऊ वं माय! मास्तर, हाऊ पोऱ्या मन्हा हात उखाडी ली जाई ना!"

उलट मार्था. पलीकडच्या डोंगरातल्या ख्रिस्ती शेतकऱ्याची मुलगी, मिशनच्या शाळेत सातवी झालेली. तिसऱ्या हाडाशी अडकायची, लाजायची, पदराशी चाळा करायची. पण तिने दुखरा हात हातात घेतला की रोग्याचा चेहराच सैल पडायचा हो! मग मला सांगा, पास कोण व्हायला पाहिजे? तोंड की हात?

म्हणून मी तक्ता केला! काय तक्ता होता तो! पहिले सहा महिने दोघांना पुस्तकाने शिकवलं, दोघांना हाताने, सुताराकडून लाकडी कोनमाप करून घेतलं, आणि दर आठवड्याला मोजलं, कुणाच्या रोग्याचं कोपर किती वाकतं ते. हाताने शिकलेल्यांचे रोगी दुप्पट वाकले! वहीत आहे, दाखवू? बरं, राहू द्या. मग सगळ्यांनाच हाताने शिकवलं, आणि परीक्षाही तशीच. पहिल्या दिवशी रोग्यानेच सांगायचं, मला अमुक काम करता आलं पाहिजे. विद्यार्थ्याला सहा आठवडे. शेवटी रोग्याने ते काम सगळ्यांसमोर करून दाखवायचं, आणि गुण तक्त्यात! मनगट तीस, बोटं तीस, अंगठा वीस, रोग्याचा शब्द वीस. खांद्याला निराळे रकाने, गुडघ्याला निराळे. आणि एकाही रकान्यात शून्य पडलं की नापास! कुणी मेहनत केली म्हणून दया नाही, कुणी लाजतं म्हणून सूट नाही. तक्ता म्हणजे तक्ता!

मोठ्या डॉक्टरांना पत्र घातलं. उत्तर आलं, "चालेल. पण नियम तुमचे, मग त्यांत बदल नाही." मी म्हटलं, बदल? माझ्या तक्त्यात?

मार्थाच्या वाट्याला आला जेठ्या. डोंगरातला भिल्ल, चाळिशीचा, मोहाच्या झाडावरून पडून उजवा हात मोडलेला. हाड जुळलं, पण बोटं काठीसारखी ताठ. विचारलं, काय करता आलं पाहिजे? मला वाटलं, म्हणेल जेवता आलं पाहिजे. तो म्हणाला, "बाण सुटला पायजे." बस्स. मी लगेच लिहिलं, धनुष्य ओढणे. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दोरी पकडून ताणणे, अंगठ्याचे गुण वीस. कशावरून लिहिलं? अहो, लहानपणी बेचकीने चिंचा पाडल्या होत्या ना मी! तेवढी माझी धनुर्विद्या!

दुसऱ्या आठवड्यात मार्था हळूच म्हणाली, "गुरुजी, जेठ्यादादांना अंगठा नको आहे."

"नको म्हणजे?"

"त्यांना दोनच बोटं पाहिजेत. मी तेवढीच करून घेते."

मी काय म्हणालो असेन? सांगा ना! ऐकून घेतलं असेल? विचारलं असेल, का गं बाई, नको का? छे! मी म्हणालो, "मार्थाबाई, तक्ता म्हणजे तक्ता!" ती जेठ्याकडे वळली. आणि तिला करायचं तेच तिने केलं.

परीक्षेचा दिवस. गोदामाच्या अंगणात सगळं नवापूर. आमश्याचे रोगी लालचंदशेठ पुढे आले, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि स्वतःची पगडी स्वतः बांधली, एकेक वेढा मोजत, नऊ वेढे! मग आमश्याच्या पाठीत अशी थाप मारली, की आता आमश्याचाच खांदा बघावा लागतो की काय! बाकीचे दोघेही पास. राहिली मार्था.

मोठ्या डॉक्टरांनी तक्ता हातात घेतला. मनगट? फिरलं झकास. तीस! बोटं? मिटली, उघडली. तीस! अंगठा? "या दोरीला चिमटीत धर आणि ताण." जेठ्याने धरली. सुटली. पुन्हा धरली. पुन्हा सुटली.

"शून्य," डॉक्टर म्हणाले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "नियम तुमचाच आहे, मास्तर. नापास. म्हणजे कुलूप."

एक वर्ष, चार विद्यार्थी, आणि ती मुलगी मान खाली घालून उभी! मी तोंड उघडलं आणि काय बाहेर पडावं? "हो... तक्ता म्हणजे..."

तेवढ्यात जेठ्या पुढे सरकला. "साहेब, आंगठा काहाला? आमी आंगठा नाय लावत."

"मग धनुष्य ओढता कसं?"

त्याने कोपऱ्यात ठेवलेलं स्वतःचं धनुष्य उचललं. बाण लावला. पहिलं बोट, मधलं बोट, दोरीवर बसली अशी, आणि अंगठा? बाजूला मिटलेला, निवांत! कुंपणाजवळच्या पपईच्या झाडावर एक कावळ्यांनी टोचलेली पिकली पपई होती, इथून चाळीस पावलं. सुटला बाण! देठच तुटला हो, पपई धप्पकन खाली! अंगणात असा गलका झाला की गोदामातली कबुतरं उडाली. जेठ्या बोटं मिटतोय, उघडतोय, आणि हसतोय... अहो, सहा आठवड्यांत पहिल्यांदा हसला तो माणूस!

"मन्हा बाप! मास्तर, हाई शे ना परीक्षा!" शेठ ओरडले.

डॉक्टरांनी कोट काढला. "बघू." चिमटीत दोरी धरली, माझ्या तक्त्याप्रमाणे, हुबेहूब! बाण सुटला आणि त्यांच्याच बुटापुढे पडला. मग मार्था पुढे झाली. हाडांची नावं विचारली की लाजणारी मार्था! तिने मोठ्या डॉक्टरांची दोन बोटं धरून दोरीवर ठेवली आणि म्हणाली, "अंगठा मिटा, साहेब." मिटला हो! आणि बाण गेला कुंपणापर्यंत!

डॉक्टर माझ्याकडे वळले. "हा रकाना कुणी घातला?"

"मी."

"कुणाला विचारून?"

बेचकीला विचारून म्हणू?

"नियमात बदल नाही," ते म्हणाले, "शून्य तर पडणारच. पण ते कुणाच्या नावावर, एवढं मी ठरवतो." लिहिलं त्यांनी! अंगठ्याचं शून्य मास्तरांच्या नावावर, मार्था पास, रोग्याचा शब्द वीसपैकी वीस, वर्ग आणखी तीन वर्षं चालू, तक्त्याची एक नक्कल धुळ्याला पाठवावी! जिंकलो हो, चारही पास, जिंकलो! आणि खाली एक ओळ, "मास्तरांनी मार्थाबाईंकडून धनुष्य शिकून परीक्षा द्यावी. रोगी जेठ्या यांनी गुण द्यावेत."

तेव्हापासून रोज सकाळी गोदामामागे उभा असतो मी. बोटं सोलून निघाली आहेत. मार्था सांगते, "गुरुजी, अंगठा," आणि तो मेला मध्ये आलेलाच असतो. मी म्हणतो, जेठ्यादादा, आज जरा बरा गेला ना बाण? तो हसतो, आणि माझ्यासमोर, माझ्याच तक्त्यात, भलंमोठं शून्य काढतो!

तक्ता म्हणजे तक्ता!