अंजनाबाईची मशीन

गोपाळराव : दोनदा वाचले वाटणीचे दोन्ही कागद. मशीन राहून गेली वं मेघा.

मेघा : कोणती मशीन, बाबा?

गोपाळराव : तुह्या सासूची, शिलाईची. कूलर हाय, आलमारी हाय, चिमट्यापर्यंत लिहिलं तुनं. मशीनच नाई.

मेघा : राहून नाही गेली. आधी चहा घ्या. अन् ही पेटी काहून बांधली?

गोपाळराव : धम्मदीपनं खापरखेड्याचा प्लॉट अन् गाडी उचलली. हे घर तुह्याकडे आलं. घटस्फोट झाल्यावर सासरा सुनेकडे राहते का कुठं?

मेघा : त्यानं बोलावलं तुम्हाला?

गोपाळराव : किरायाची खोली हाय त्याची. बोलावन कधी तरी.

मेघा : हं.

गोपाळराव : एक सांग. धंतोलीच्या दवाखान्यात ड्युट्या करू करू या घराचे निम्मे हप्ते तू भरले. वाटे बी तूच पाडले. मंग पहिले त्याले काहून उचलू देलं?

मेघा : आईंनी शिकवलं. चार जावांत मटणाचे वाटे त्याच पाडायच्या ना? पाडणारीनं शेवटी उचलायचं, म्हणायच्या.

गोपाळराव : मी म्हणो तिले, तुह्या पानात हड्ड्याच येतीन एक दिवस.

मेघा : कधी आल्या?

गोपाळराव : नाई. तोलल्यासारखे पाडे ती.

मेघा : म्हणून शेवटी उचलायची भीती नव्हती त्यांना.

गोपाळराव : अन् त्यानं हे घर उचललं असतं तं?

मेघा : प्लॉटवर टिनाची खोली टाकली असती मी. वाईट वाटलं असतं. पण वाटा कमी नव्हता.

गोपाळराव : वकील बी दोन्ही कागद पाहून चूप झाला. मी पोराचा बाप हाय. तरी सांगतो, तिच्यानंतर असा हात मी तुहाच पाह्यला.

मेघा : चहा थंडा होऊन राहिला, बाबा.

गोपाळराव : मशीनचं सांग पहिले.

मेघा : ती आईंची होती, आता तुमची आहे. आमच्या वाटणीत कशी लिहू?

गोपाळराव : त्याच्या खोलीत खाटेलेच जागा नाई. ठेवू कुठं तिले?

मेघा : आहे तिथंच. खिडकीपाशी.

गोपाळराव : तेल द्या लागते वं महिन्याच्या महिन्याले. ती गेल्यापासून मीच देतो.

मेघा : मग देत जा.

गोपाळराव : अवं, पण कुपी…

मेघा : काय झालं?

गोपाळराव : तेलाची कुपी पेटीत बांधली गेली. थांब, दोरी सोडतो.